पिकत्या गवतपात्यातल्या विकरांची मोजमापं दर वेळी वेगळी येतात? चूक कुठे शोधायची

तक्रार ठरलेली असते. कोवळं पातं, भर वयातलं पातं आणि पिवळं पडत चाललेलं पातं, तिन्हींचा अर्क काढला. कॅटलेज, पेरॉक्सिडेज आणि एसओडी (सुपरऑक्साइड डिसम्युटेज) ही ऑक्सिजनच्या घातक रूपांपासून पेशीला वाचवणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, मोजली. पहिल्या खेपेला पिकत्या पात्यात एसओडी वाढलेलं दिसलं. पुढच्या खेपेला तेच गवत, तीच पद्धत, आणि एसओडी घटलेलं. कॅटलेज एकदा निम्मं, एकदा जवळपास शून्य. पेरॉक्सिडेज मात्र प्रत्येक वेळी वर. आता ‘म्हातारपणी पानाची संरक्षणव्यवस्था बळकट होते’ असं लिहायचं की ‘कोसळते’ असं, हे ठरत नाही.

ही अडचण मी इतक्यांदा पाहिली आहे, आणि स्वतः इतक्यांदा तिच्यात अडकलो आहे, की आता माझं मत पक्कं झालं आहे. बहुतेक वेळा गोंधळ पानात नसतो. कोवळ्या पानासाठी बेतलेली कृती पिकत्या पानाला जशीच्या तशी लावलेली असते. पान पिकताना त्यातलं पाणी बदलतं, प्रथिनं बदलतात, पेशीतल्या पोकळीत साठलेला माल बदलतो आणि प्रथिनं तोडणारी विकरं कामाला लागलेली असतात. या प्रत्येक बदलाचा परिणाम शेवटच्या आकड्यावर होतो. म्हणून शोध कुठून सुरू करायचा याचा क्रम खाली देतो आहे. सर्वांत जास्त चुका जिथे सापडतात तिथून सुरुवात करू.

आधी भागाकारातला छेद पाहा

विकराची क्रिया आपण कशाने तरी भागून सांगतो: दर मिलिग्रॅम प्रथिनामागे, दर ग्रॅम ओल्या वजनामागे किंवा सुक्या वजनामागे. कोवळ्या पानांची आपसात तुलना करताना कशानेही भागलं तरी फारसं बिघडत नाही. पान पिकायला लागलं की छेदच हलायला लागतो. गहू, भात, बार्ली अशा सी३ गवतांच्या पानात विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंत वाटा एकट्या रुबिस्कोचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या विकराचा, असतो. पान पिकताना हेच प्रथिन मोठ्या प्रमाणावर मोडलं जातं आणि त्यातला नायट्रोजन दाण्यांकडे किंवा नव्या फुटव्यांकडे जातो. म्हणजे एसओडीचा एकही नवा रेणू तयार न होता, केवळ रुबिस्को कमी झाल्यामुळे ‘दर मिलिग्रॅम प्रथिनामागे’ एसओडी वाढलेलं दिसतं.

समजण्यापुरते सोपे आकडे घेऊ. कोवळ्या पात्याचा एक ठरावीक तुकडा आहे, ओलं वजन १ ग्रॅम, सुकं वजन २५० मिलिग्रॅम. त्यात २० मिलिग्रॅम प्रथिन आणि विकराची १०० एककं आहेत. तोच तुकडा पिकला. त्यातला माल बाहेर गेला, पाणीही गेलं. आता ओलं वजन ०.४ ग्रॅम, सुकं वजन २०० मिलिग्रॅम. प्रथिन उरलं ३.२ मिलिग्रॅम आणि विकराची एककं उरली २४. आता भागून पाहा. प्रथिनामागे क्रिया ५ वरून ७.५ झाली, म्हणजे दीडपट वाढ. ओल्या वजनामागे ती १०० वरून ६० वर आली. सुक्या वजनामागे ४०० वरून १२० वर. आणि त्या तुकड्यात प्रत्यक्ष उरलेलं विकर पाहिलं तर ते पाव हिश्शाहूनही कमी आहे. चारही आकडे बरोबर आहेत. एकाच पानाबद्दल आहेत. त्यांतला एकच छापला तर वाचणाऱ्याला हवा तो निष्कर्ष काढता येतो.

माझा आग्रह असा: पातं पूर्ण उघडल्यावर त्यावर ठरावीक लांबीच्या खुणा करा, आणि शेवटी क्रिया त्या तुकड्यामागे सांगा. पान पिकताना अरुंद होतं, गुंडाळतं, म्हणून क्षेत्रफळ नंतर मोजण्यात अर्थ नाही. खुणेची लांबी मात्र तीच राहते. सोबत प्रथिनामागचा आकडाही द्या, तो निरुपयोगी नाही. उरलेल्या प्रथिनांत या विकराचा वाटा किती, म्हणजे पानाने मोडतोड करताना कोणाला शेवटपर्यंत राखलं, हे तो सांगतो. दोन्ही आकडे शेजारी असले की वाढ खरी की भासाची हे कोणालाही दिसतं.

प्रथिन मोजण्यातही एक खोच आहे. ब्रॅडफर्डची १९७६ ची रंगपद्धत सगळे वापरतात, मीही वापरतो. पण लहान पेप्टाइड त्या रंगाला नीट धरत नाहीत, आणि पिकत्या पानात अर्धवट तुटलेल्या प्रथिनांची गर्दी असते. शिवाय अर्क तपकिरी असेल तर फिनॉल संयुगं रीडिंगमध्ये ढवळाढवळ करतात. अर्क चहासारखा दिसत असेल तर थोडा भाग ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाने साकवा (प्रथिन खाली बसवा), साका थंड ॲसिटोनने धुवा, पुन्हा विरघळवा आणि मग प्रथिन मोजा.

कोणतं पातं, पात्याचा कोणता भाग

गवताचं पातं बुडाशी वाढतं. नव्या पेशी तळाला तयार होतात आणि जुन्या पेशी वर ढकलल्या जातात. त्यामुळे एकाच पात्यात टोक सर्वांत जुनं आणि बूड सर्वांत तरुण असतं. पिवळेपणाही टोकाकडून खाली उतरतो. आपण ‘तिसरं पान’ म्हणून अख्खं पातं खलात टाकतो, तेव्हा आजोबा आणि नातू एकत्र कुटून त्यांचं सरासरी वय विचारत असतो. एका खेपेला टोकाचा जास्त भाग आला, दुसऱ्या खेपेला बुडाचा, की उत्तर बदललं.

उपाय साधा आहे, फक्त चिकाटी लागते. पातं आणि आवरण (खोडाला वेढणारा पानाचा खालचा भाग) जुळतात तिथली जिभली, म्हणजे लिग्यूल, दिसली की त्या दिवशी पात्याला रंगीत दोरा बांधा आणि तारीख लिहा. पानाचं वय त्या दिवसापासून मोजा. कापताना पात्याचे तीन भाग करा आणि प्रत्येक खेपेला मधलाच घ्या. तिन्ही भाग वेगवेगळे मोजता आले तर फारच उत्तम. एकाच दिवशी एकाच पात्यात पिकण्याच्या तीन पायऱ्या मिळतात, आणि हवामानातल्या फरकाचा प्रश्नच उरत नाही. द्विदल वनस्पतींवर काम करणाऱ्यांना ही सोय सहसा मिळत नाही.

रंगावरून वय ठरवू नका. याचं सर्वांत सुंदर उदाहरण मेडो फेस्क्यू या गवताचं आहे. त्याचा एक उत्परिवर्तित वाण वेल्समधल्या ॲबरिस्टविथच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं अभ्यासला. त्याचं पान पिकतं, रुबिस्को मोडतं, प्रकाशसंश्लेषण बंद पडतं, तरी पान हिरवंच राहतं. कारण एका जनुकातल्या बिघाडामुळे हरितद्रव्य मोडण्याची वाट अडलेली असते. २००७ मध्ये असं दिसून आलं की मेंडेलने वाटाण्यात ज्या हिरव्या-पिवळ्या दाण्यांचा हिशेब मांडला होता, त्यामागेही हाच जनुक आहे. मला हे वाचून फार आनंद झाला होता. तेव्हापासून हरितद्रव्यमापकाचा आकडा मी नोंदतो, पण पानाची पायरी त्या एकट्यावर ठरवत नाही. विरघळणारं प्रथिन किती उरलं तेही सोबत पाहतो.

उलट बाजूही लक्षात ठेवण्यासारखी आहे. हरितद्रव्य मोडणं हे नुसतं नुकसान नाही, तो संरक्षणाचाच भाग आहे. प्रथिनापासून सुटलेलं हरितद्रव्य उजेडात राहिलं तर घातक सिंगलेट ऑक्सिजन तयार करतं. म्हणून पिकतं पान ते आधी निर्धोक करतं. पिवळं पान म्हणजे हरलेलं पान, ही समजूत घेऊन आकडे वाचले तर अर्थ उलटा लागतो.

कापलेली पाती अंधारात ओल्या कागदावर ठेवून पिकवण्याची पद्धत झटपट आहे, पण झाडावर पिकणाऱ्या पानाशी तिची तुलना करू नका. तोडलेल्या पानाला मुळांकडून येणारं, पिकणं लांबवणारं सायटोकायनिन हे संप्रेरक मिळत नाही, आणि त्यातला नायट्रोजन जायला जागा नसते. दोन्ही प्रकारचा डेटा एकाच आलेखात घातलेला मी पाहिला आहे. तिथे विसंगती येणारच.

कापण्याची वेळही बांधून घ्या. कॅटलेज उजेडात सतत निकामी होतं आणि पान ते सतत नव्याने बनवतं. पिकत्या पानात नवं बनवणं मंदावलेलं असतं, त्यामुळे दुपारी कापलेलं पिकतं पान आणि सकाळी कापलेलं पिकतं पान यांत कोवळ्यापेक्षा जास्त फरक पडू शकतो. रोज एकाच वेळी कापा, ताबडतोब द्रव नायट्रोजनमध्ये टाका आणि उणे ८० अंशांवर ठेवा. एकदा वितळलेला अर्क पुन्हा गोठवून कॅटलेज मोजू नका.

खलात जे घडतं ते

माझ्या अनुभवात बरेच घोटाळे इथेही होतात, आणि हे शोधायला एकच खात्रीची चाचणी आहे: मिसळून पाहणं.

कोवळ्या पानाचा अर्क मोजा, पिकत्याचा मोजा, मग दोन्ही समप्रमाणात मिसळून मोजा. कोवळ्याचं १०० आलं आणि पिकत्याचं ४०, तर मिश्रणाचं ७० च्या आसपास यायला हवं. ते ७० आलं तर पिकत्या पानातली घट खरी धरता येते. ४५ आलं, तर पिकत्या अर्कातलं काहीतरी कोवळ्या पानाचं विकरसुद्धा मारतं आहे. म्हणजे ४० हा आकडा पानाचा नव्हता, आपल्या अर्काचा होता. मिश्रण लगेच मोजा, मग बर्फावर ठेवून १५, ३० आणि ६० मिनिटांनी पुन्हा मोजा.

हीच चाचणी आणखी एक पायरी मागे नेता येते. कोवळं आणि पिकतं पान निम्मं निम्मं घेऊन एकत्रच कुटा. अर्क मिसळल्यावर हिशेब जुळतो पण एकत्र कुटल्यावर जुळत नाही, असं झालं तर नुकसान कुटतानाच, पहिल्या मिनिटाभरात होतं आहे. बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, आधीपासून थंड हवं, आणि गोठलेल्या पानाची भुकटी वितळायच्या आत त्यात जायला हवी.

मग गुन्हेगार कोण? पिकत्या अर्काचा थोडा भाग दहा मिनिटं उकळा, गार करून सेंट्रिफ्यूज करा आणि तो निवळ कोवळ्या अर्कात मिसळा. उकळलेला अर्कही विकर मारत असेल तर कारण लहान रेणूंचं आहे, बहुतेक फिनॉल संयुगांचं. उकळल्यावर तो निरुपद्रवी झाला तर संशय प्रथिनांवर घ्या: प्रथिनं तोडणारे प्रोटीएज, किंवा फिनॉलचं क्विनोन करणारं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज.

फिनॉलसाठी न विरघळणारी पीव्हीपीपी भुकटी, बफरच्या १ ते २ टक्के, आधी भिजवून घाला. ती फिनॉल पकडते आणि सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसते. बफरचा पीएच ७ च्या आसपास ठेवा, आठाच्या वर तिची पकड ढिली पडते. बफर जास्त घ्या. पिकत्या पानाला वजनाच्या दहापट बफर मी हमखास घेतो.

प्रोटीएजसाठी बहुतेक जण पीएमएसएफ घालून निर्धास्त होतात. ते मुख्यतः सेरीन गटातल्या प्रोटीएजना अडवतं, आणि पाण्यात गेल्यावर तासाभराच्या हिशेबात निकामी होत जातं. सकाळी बफरमध्ये घातलेलं पीएमएसएफ दुपारच्या नमुन्यांना उपयोगाचं नाही. अल्कोहोलातला साठा ठेवा आणि प्रत्येक वेळी ऐनवेळी घाला. ते विषारी आहे, हातमोजे घाला. पण पिकत्या पानाच्या पोकळीत सिस्टीन प्रोटीएजची रेलचेल असते, आणि त्यांना अडवायला ई-६४ हे रसायन लागतं. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: तपकिरीपणा टाळायला आपण घालतो ते डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल सिस्टीन प्रोटीएजना उलट जोर देतं. ई-६४ नसताना ते घातलं, तर अर्क छान फिका दिसतो आणि विकर मात्र जास्त वेगाने जातं. एका हंगामाची सगळी मापनं मी याच कारणाने बाजूला ठेवली आहेत.

प्रत्येक विकराचा आपला स्वभाव

ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज, म्हणजे एपीएक्स, सर्वांत नाजूक. हरितलवकातलं एपीएक्स ॲस्कॉर्बेट नसेल तर मिनिटाच्या आत मरतं. पेशीद्रवातलं त्या मानाने टिकतं. पिकत्या पानात ॲस्कॉर्बेट आधीच कमी असतं, त्यामुळे बफरमध्ये बाहेरून घातलं नाही तर कोवळं पान स्वतःच्या साठ्यावर तग धरतं आणि पिकतं शून्य दाखवतं. कुटण्याच्या बफरमध्ये १ ते ५ मिलिमोलर ॲस्कॉर्बेट हवंच. मात्र त्याचा हिशेब ठेवा. २९० नॅनोमीटरला ॲस्कॉर्बेटचा शोषण-गुणांक दर मिलिमोलर सेंटिमीटरला २.८ आहे. ५ मिलिमोलर बफरचा ५० मायक्रोलिटर अर्क १ मिलिलिटरमध्ये गेला की ०.२५ मिलिमोलर, म्हणजे ०.७ शोषणांक नुसता सोबत आला. चाचणीतल्या ०.५ मिलिमोलरचे १.४ धरले तर सुरुवातच २.१ वर होते, आणि तिथे अनेक यंत्रं सरळ रेषेत चालत नाहीत. अर्क कमी घ्या किंवा चाचणीतलं ॲस्कॉर्बेट त्या प्रमाणात घटवा.

एसओडीचं अगदी उलट आहे. एनबीटी या रंग धरणाऱ्या रसायनाच्या पद्धतीत आपण विकराने रंग किती दडपला हे मोजतो, आणि ॲस्कॉर्बेट किंवा फिनॉलही तो रंग बदलवू शकतात. म्हणून एपीएक्सचा आणि एसओडीचा अर्क एकच ठेवू नका. उकळलेल्या अर्काचा नमुना इथेही लावा, पण तांबं-जस्ताचं एसओडी उष्णतेला बरंच चिवट आहे; दोन मिनिटांच्या उकळीने ते मेलं असं धरू नका. अर्क जेल गाळणीच्या छोट्या स्तंभातून काढला की लहान रेणू मागे राहतात आणि शंका मिटते. आणि कृपा करून एकाच आकारमानाच्या अर्काने किती टक्के दडपलं यावर तुलना करू नका. दडपण्याचा आलेख सरळ नसतो, वर जाऊन सपाट होतो. चार-पाच वेगवेगळी आकारमानं घेऊन ५० टक्क्यांचा बिंदू काढा. एककाची व्याख्याच तशी आहे.

कॅटलेजमध्ये चूक सहसा ते ज्याला मोडतं त्या हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाटलीत असते. ३० टक्क्यांचं द्रावण ताजं असताना सुमारे ९.८ मोलर असतं, नंतर उतरत जातं. रोज १० मिलिमोलर करून २४० नॅनोमीटरला तपासा, ०.४३ ते ०.४४ यायला हवं. रीडिंग पहिल्या मिनिटातलंच घ्या, कारण जास्त पेरॉक्साइडमध्ये कॅटलेज स्वतःच निकामी होतं.

ग्वायाकॉल या रसायनाने मोजलेलं पेरॉक्सिडेज पिकत्या पानात दर वेळी वाढलेलं दिसतं, आणि लोक ते संरक्षण वाढल्याचा पुरावा म्हणून मांडतात. इथे मला सर्वांना थांबवावंसं वाटतं. या गटात कितीतरी वेगवेगळी विकरं आहेत, बरीचशी पेशीभित्तीत आणि पोकळीत राहणारी. त्यांच्यावर साखरेचं आवरण असतं, म्हणून प्रोटीएजच्या धुमाकुळात ती टिकतात. लिग्निन विणणं, भित्ती घट्ट करणं हेही त्यांचं काम आहे. पेरॉक्साइड साफ करणं हा त्यांचा एकमेव धंदा नाही. भित्तीला चिकटलेला भाग साध्या बफरमध्ये येतही नाही. अर्क काढल्यावर तळाला उरलेला साका धुऊन १ मोलर मिठाच्या द्रावणात पुन्हा ढवळा आणि तो निवळ वेगळा मोजा. वाढ नेमकी कुठली ते कळेल.

शिवाय मोजलेलं विकर गवताचंच आहे का? पिकत्या पात्यावर अल्टरनेरिया, क्लॅडोस्पोरियम अशा बुरशा वस्तीला येतात, आणि त्यांचं स्वतःचं कॅटलेज आणि एसओडी असतं. रायग्रास आणि फेस्क्यूमध्ये तर एपिक्लोई ही बुरशी आतच राहते, मुख्यतः आवरणात. पातं धुऊन घ्या, एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, आणि आवरण नमुन्यात येऊ देऊ नका.

मॅलोनडायअल्डिहाइडवरून पेशीपडद्यांची झीज मोजत असाल तर ५३२ नॅनोमीटरच्या रीडिंगमधून ६०० चं वजा करून थांबू नका. पिकत्या पानातली साखर आणि लाल रंगद्रव्यंही ५३२ ला दिसतात. टीबीए (रंग आणणारं थायोबार्बिट्युरिक आम्ल) न घातलेला नमुना आणि ४४० चं रीडिंग घेऊन ती वजावट करा.

एवढं सगळं करूनही कॅटलेज घटतंच आहे?

तर ते खरोखर घटतं आहे, आणि त्यात आश्चर्य नाही. कॅटलेजचं पानातलं मोठं काम रुबिस्कोमुळे चालणाऱ्या प्रकाशश्वसनातून निघणारं पेरॉक्साइड जाळण्याचं. रुबिस्को गेलं की ते कामच उरत नाही. ॲरॅबिडॉप्सिस या प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीत तर कॅटलेज उतरल्यावर वाढणारं पेरॉक्साइड पिकण्याच्या पुढच्या टप्प्याचा इशारा म्हणून वापरलं जातं असं दिसलं आहे. त्यामुळे एक विकर खाली आणि दुसरं वर, हे चित्र मिसळण्याच्या चाचणीत टिकलं तर ते तसंच मांडा, दोघांची सरासरी काढून ‘एकूण संरक्षण’ असा आकडा बनवू नका.

एसओडीबाबत शंका उरलीच तर नेटिव्ह जेल (विकरं जिवंत ठेवून वेगळी करणारं) चालवा आणि त्याच्या तीन पट्ट्या कापून घ्या. एक साधी रंगवा, एक पोटॅशियम सायनाइडमध्ये, एक हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवून. सायनाइडने आणि पेरॉक्साइडने, दोन्हींनी पुसली जाते ती तांबं-जस्ताच्या एसओडीची रेघ. फक्त पेरॉक्साइडने जाते ती लोहाची. दोन्हींत टिकते ती मँगनीजची, बहुधा तंतुकणिकेतली. पिकत्या पानात हरितलवक मोडतात आणि तंतुकणिका बऱ्याच उशिरापर्यंत चालू राहतात, त्यामुळे एकूण आकडा स्थिर असताना आतली वाटणी बदललेली असू शकते. सायनाइडचं द्रावण कधीही आम्लाजवळ नेऊ नका, हवा खेचणाऱ्या कपाटातच काम करा, आणि ते बेसिनमध्ये ओतू नका.